आरएममॉड केलं आणि मशीन गेलं: ग्राफिक्स ड्रायव्हर काढताना मागे राहिलेला इंटरप्ट

ड्रायव्हर लोड होतो, स्क्रीन येते, दिवसभर कसली कुरकुर नाही. आरएममॉड कमांडने मॉड्यूल, म्हणजे चालू कर्नलमध्ये घातलेला ड्रायव्हरचा कोड, काढायला गेलं की मात्र कधी मशीन गोठतं, कधी आपोआप रीबूट होतं आणि कधी काहीच होत नाही. हा शेवटचा प्रकार सगळ्यात वाईट, कारण त्यामुळे माणूस 'जमलं बहुतेक' म्हणून घरी जातो.

लिनक्सवरच्या डिस्प्ले आणि जीपीयू ड्रायव्हरांत हा दोष मी इतक्यांदा दुरुस्त केलाय की समोरचा लक्षणं सांगायला लागला की मी आधी एवढंच विचारतो: "इंटरप्ट डेव्हएमने घेतलाय का?" इंटरप्ट म्हणजे हार्डवेअरने सीपीयूसाठी वाजवलेली बेल, आणि डेव्हएम म्हणजे ड्रायव्हरने घेतलेल्या गोष्टी तो निघाल्यावर आपोआप सोडणारी कर्नलची सोय. बहुतेकदा उत्तर 'हो' असतं आणि निम्मं बोलणं तिथेच संपतं. चिप बदलते, बोर्ड बदलतो, चूक तीच राहते. ड्रायव्हर निघताना आपलं सामान नीट आवरतो, पण हार्डवेअरला 'आता बेल वाजवू नकोस' हे सांगायला विसरतो, नाहीतर फार उशिरा सांगतो.

खोली सोडताना आपण आधी दूधवाल्याला आणि पेपरवाल्याला सांगतो, मग भांडी बांधतो. इथे लोक आधी भांडी बांधतात.

एक खुलासा: फंक्शनांची आणि पर्यायांची नावं मी बोलताना उच्चारतो तशीच लिहिली आहेत. कोडमध्ये शोधताना शब्दांच्या मधे अंडरस्कोर धरा.

लक्षणं

यातलं एक जरी ओळखीचं वाटलं तरी पुढचं तुमच्यासाठी आहे.

- मॉड्यूल काढल्याक्षणी ऊप्स (कर्नल चुकल्यावर लॉगमध्ये पडणारा अहवाल). लॉगमध्ये मॉड्यूलांच्या यादीच्या शेवटी चौकटी कंसात 'लास्ट अनलोडेड' आणि पुढे तुमच्या ड्रायव्हरचं नाव. स्टॅकच्या माथ्यावर तुमचा हँडलर (इंटरप्ट आल्यावर धावणारं फंक्शन), किंवा नाव नसलेला नुसताच पत्ता. नुसता पत्ता असेल तर समजा, कोड मेमरीतून गेलाय आणि तरी कोणीतरी तो चालवायला आलंय.
- काढताना सगळं ठीक, पाच-दहा सेकंदांनी ऊप्स. हा थेट इंटरप्टचा प्रताप नसतो, इंटरप्टने मागे टाकलेल्या कामाचा असतो.
- 'आयआरक्यू १६: नोबडी केअर्ड' (आयआरक्यू म्हणजे इंटरप्टची क्रमांक दिलेली लाइन), त्याच्या खाली 'डिसेबलिंग आयआरक्यू', आणि मग ज्याचा ग्राफिक्सशी काडीचा संबंध नाही तो यूएसबी माउस किंवा आवाज बंद.
- आरएममॉड परतच येत नाही. प्रोसेस 'डी' अवस्थेत (मारताही न येणाऱ्या झोपेत) अडकते आणि थोड्या वेळाने लॉगमध्ये '१२० सेकंदांहून जास्त ब्लॉक्ड' अशी तक्रार येते.
- 'रिमूव्हिंग नॉन-एम्प्टी डिरेक्टरी' आणि त्याच ओळीत 'लीकिंग ॲट लीस्ट' असा इशारा, शेजारी तुमच्या ड्रायव्हरचं नाव.
- एआरएम बोर्डवर यातलं काहीच नाही. ना ऊप्स, ना लॉग. बोर्ड चिडीचूप होतो आणि वॉचडॉग त्याला रीसेट करतो.

याशिवाय एक लक्षण आहे, ते पहिल्यांदा भेटलं तेव्हा मला भुताटकी वाटली होती. डेस्कटॉप बंद करून लगेच मॉड्यूल काढलं तर मशीन पडायचं. मधे चहा घेऊन आलो तर पडायचं नाही. मी पडद्यामागची सगळी कारणं शोधली आणि खरं कारण एका आकड्यात निघालं. डीआरएममध्ये, म्हणजे कर्नलच्या ग्राफिक्स भागात, व्हीब्लँकचा (दोन फ्रेमांमधल्या विरामाचा) शेवटचा वापरकर्ता गेला तरी त्याचा इंटरप्ट ताबडतोब बंद होत नाही. मुळात ठरलेली सवलत ५००० मिलिसेकंदांची आहे. म्हणजे पुढचे पाच सेकंद दर फ्रेमला बेल वाजतच राहते. मी चहाला जात होतो तेव्हा कर्नल माझी चूक झाकत होता.

आधी दोन मिनिटांची तयारी

रोजच्या कामाच्या लॅपटॉपवर हे प्रयोग करू नका. मोकळ्या केलेल्या मेमरीत कोणी लिहिलं तर ते कोणाच्या पानावर पडेल याचा नेम नाही. फाइलसिस्टिमही बिघडू शकते. चाचणीचं वेगळं मशीन घ्या आणि सीरियल कन्सोल जोडा. यूएसबी-सीरियलची एक साधी केबल पुरते. ग्राफिक्स ड्रायव्हर काढताना स्क्रीनच जाणार असते, त्यामुळे 'स्क्रीनवर काय आलं?' या प्रश्नाला अर्थ नाही. सीरियल पोर्ट नसेल तर नेटकन्सोल (लॉग नेटवर्कवरून पाठवणारी सोय) लावा. शेवटच्या दहा ओळी हातात नसतील तर पुढची सगळी तपासणी अंदाजपंचे होते.

'मॉड्यूल इज इन यूज' असं म्हणत मॉड्यूल निघतच नसेल तर बहुधा कन्सोलने त्याला धरलेलं असतं. सिसएफएसमधल्या (कर्नलची डिव्हाइसं फाइलींच्या रूपात दाखवणाऱ्या फोल्डरमधल्या) व्हीटीकन्सोलखाली फ्रेमबफरवाल्या नोंदीच्या बाइंड फाइलीत शून्य लिहा, मग काढा.

पहिली तपासणी: प्रॉकमधली इंटरप्ट्स फाइल

फुकट आहे आणि एका कमांडचं काम आहे. प्रॉक हे कर्नलची माहिती दाखवणारं फोल्डर; कुठल्या लाइनवर किती इंटरप्ट आले आणि ती कोणाची, ते या फाइलीत दिसतं. मॉड्यूल लोड असताना ही फाइल दोनदा छापा, मधे दोन सेकंद सोडून. तीन गोष्टी बघायच्या.

तुमच्या ओळीवर तुमचं एकट्याचं नाव आहे की स्वल्पविराम देऊन आणखी कोणाची? एकट्याचं असेल आणि प्रकार एमएसआय (सामायिक तारेऐवजी संदेशाने येणारा इंटरप्ट) असेल तर अर्धी डोकेदुखी टळली. तीन-चार नावं असतील तर लाइन सामायिक आहे. चाळीत सगळ्यांची मिळून एकच बेल असावी तसं. बेल वाजली की प्रत्येकाने दार उघडून बघायचं. तुम्ही तुमचं हार्डवेअर पूर्ण गप्प केलंत तरी शेजाऱ्याच्या बेलेवर तुमचा हँडलर धावणारच. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे याच्यावरच बरंच काही अडणार आहे.

दुसरं, आकडा किती वेगाने वाढतोय? ६० हर्ट्झच्या डिस्प्लेवर व्हीब्लँक चालू असेल तर सेकंदाला साधारण साठाने वाढेल. हजारोंनी वाढत असेल तर काढण्याचा प्रश्न नंतर; आधी हँडलर स्टेटस रजिस्टर (कुठला इंटरप्ट आला ते सांगणारं) पुसतोय का ते बघा.

तिसरं, मॉड्यूल काढल्यावर, मशीन वाचलंच तर, तुमचं नाव यादीतून गेलं का? राहिलं असेल तर आयआरक्यू सोडायचाच राहिलाय. इतका सरळ दोष क्वचित सापडतो, पण सापडला की दिवस चांगला जातो.

दुसरी तपासणी: पाच वेळा नाही, पन्नास वेळा

'मी पाच वेळा काढून बघितलं, काही झालं नाही.' हे मी इतक्यांकडून ऐकलंय की त्याचं गणितच मांडून ठेवलंय. ६० हर्ट्झला व्हीब्लँक दर १६.७ मिलिसेकंदांनी येतो. समजा रिमूव्हमध्ये (ड्रायव्हर काढताना चालणाऱ्या फंक्शनमध्ये) स्ट्रक्चर मोकळं होणं आणि आयआरक्यू सुटणं यांच्यात २ मिलिसेकंदांची फट आहे. त्या फटीत इंटरप्ट पडण्याची शक्यता साधारण १२ टक्के. म्हणजे पाच वेळा काढून पाचही वेळा सुखरूप सुटण्याची शक्यता ५३ टक्के! नाणं उडवल्यासारखंच झालं. पन्नास वेळा केलंत तर सुटण्याची शक्यता हजारात दोनच्या आसपास उरते.

म्हणून छोटी शेल स्क्रिप्ट लिहा: लोड करा, स्क्रीनवर काहीतरी हलतं ठेवा, हलणारा प्रोग्राम मारा, आणि पाच सेकंदांच्या आत काढा. पन्नास फेऱ्या. दुरुस्तीच्या आधी ही स्क्रिप्ट कितव्या फेरीला पडते ते वहीत लिहून ठेवा. दुरुस्तीनंतर तुलना कशाशी करणार, नाहीतर?

तिसरी तपासणी: प्रोब आणि रिमूव्ह शेजारी ठेवून वाचा

पैसा लागत नाही, कंपाइलही करावं लागत नाही, आणि माझ्या हातून गेलेले बहुतेक दोष इथेच सापडले. त्यामुळे इथे वेळ घालवा.

कागदाच्या डाव्या बाजूला प्रोबमध्ये (ड्रायव्हर जोडताना चालणाऱ्या फंक्शनमध्ये) काय काय घेतलं ते क्रमाने लिहा. उजव्या बाजूला रिमूव्हमध्ये काय काय सोडलं ते. आता प्रत्येक नोंदीपुढे खूण करा: हे हाताने सोडलंय की डेव्हएम आपोआप सोडणार आहे?

गोम अशी की डेव्हएमने घेतलेल्या गोष्टी रिमूव्ह फंक्शन परत आल्यानंतर सुटतात, घेतल्याच्या उलट क्रमाने. सगळंच डेव्हएमवर असेल तर हा क्रम छान असतो. पण ड्रायव्हर सहसा खिचडी असतो: इंटरप्ट डेव्हएमने घेतलेला, आणि रिमूव्हमध्ये मोड-कॉन्फिगची सफाई, बफर मोकळे करणं, क्लॉक बंद करणं हे सगळं हाताने. मग घडतं काय? रिमूव्ह सगळं उद्ध्वस्त करतो, परत जातो, आणि त्यानंतर कधीतरी डेव्हएम इंटरप्ट सोडतो. मधल्या वेळात हँडलर नोंदलेलाच आहे. व्हीब्लँक आला, हँडलरने सीआरटीसीचा (स्क्रीनला फ्रेम पुरवणाऱ्या भागाच्या स्ट्रक्चरचा) पत्ता धरला, आणि तो सीआरटीसी केव्हाच मोकळा झालाय.

यावर ठरलेलं उत्तर येतं: "पण मी रिमूव्हच्या सुरुवातीलाच हार्डवेअरचा इंटरप्ट मास्क (बंद) केलाय." एमएसआयवर, आणि मास्क केल्यावर चालू असलेला हँडलर संपेपर्यंत थांबला असाल, तर बरेचदा हे चालून जातं. सामायिक लाइनवर नाही. शेजाऱ्याने बेल वाजवली की तुमचा हँडलर धावणारच आणि मोकळ्या मेमरीतून स्टेटस रजिस्टरचा पत्ता वाचणारच.

उपाय दोन. मी स्वतः पहिला वापरतो: इंटरप्ट साध्या रिक्वेस्ट आयआरक्यूने घ्यायचा आणि रिमूव्हमध्ये योग्य जागी स्वतः फ्री आयआरक्यू करायचा. कोड दोन ओळींनी वाढतो, पण क्रम डोळ्यांना दिसतो. दुसरा उपाय म्हणजे हँडलर ज्याला ज्याला हात लावतो ते सगळं डेव्हएमवर न्यायचं आणि इंटरप्ट सगळ्यात शेवटी मागायचा, म्हणजे तो सगळ्यात आधी सुटेल. हा दिसायला सुबक आहे, पण सहा महिन्यांनी कोणीतरी प्रोबच्या शेवटी आणखी एक गोष्ट जोडतो आणि हँडलरमध्ये ती वापरतो, की पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

याच कागदावर आणखी एक बघून घ्या. रिमूव्हमध्ये पीसीआय फ्री आयआरक्यू व्हेक्टर्स हाताने बोलावलंय आणि हँडलर डेव्हएमने नोंदलाय, असं आहे का? मग व्हेक्टर आधी जातो आणि त्याच्यावर बसलेला हँडलर मागे राहतो. 'लीकिंग ॲट लीस्ट' हा इशारा मला बहुतेकदा इथूनच आलेला दिसलाय. जुन्या कर्नलांत तर इथे सरळ बग पडून मशीन थांबायचं.

हा दोष जन्मतो कुठे याचा एक ठरलेला पत्ताही सांगतो. पूर्वी डीआरएमचं स्वतःचं इंटरप्टचं आवरण होतं: डीआरएम आयआरक्यू इन्स्टॉल आणि अनइन्स्टॉल. अनइन्स्टॉल आधी ड्रायव्हरचा कॉलबॅक बोलवायचं, त्यात हार्डवेअर मास्क व्हायचं, आणि मग आयआरक्यू सुटायचा. २०२१ मध्ये ते आवरण जुन्या ड्रायव्हरांपुरतं उरलं आणि बाकीच्यांना कर्नलची साधी फंक्शनं वापरायला सांगितलं गेलं. आता कोणी जुन्या कर्नलवरचा बोर्डाचा ड्रायव्हर नव्यावर आणतो, इन्स्टॉलच्या जागी डेव्हएम रिक्वेस्ट आयआरक्यू टाकतो, अनइन्स्टॉलची ओळ 'आता लागत नाही' म्हणून खोडतो, आणि कंपाइल झालं म्हणून खूश होतो. मास्क करणारा तो कॉलबॅक आता कोणीच बोलवत नाही. फाइलीत तो तसाच पडून असतो. कंपाइलर 'न वापरलेलं फंक्शन' असा इशारा देत असेल तर तो गप्प करण्याआधी नीट वाचा.

चौथी तपासणी: हँडलरच्या पहिल्या पाच ओळी

हँडलरने आधी स्टेटस वाचायचं आणि आपलं काही नसेल तर 'आयआरक्यू नन' म्हणून परत जायचं. काही जण नेहमीच 'हँडल्ड' परत करतात. त्याने कर्नलची मोजणीच फसते. एखाद्या लाइनवरच्या १,००,००० इंटरप्टांपैकी ९९,९०० हून जास्त कोणीच आपले म्हटले नाहीत तर कर्नल ती लाइन बंद करतो. 'नोबडी केअर्ड' येतं ते इथून. खोटं 'हँडल्ड' दिलंत तर हे संरक्षण जातं आणि मशीन नुसतं गुदमरत राहतं. उलट, तुम्ही हँडलर काढलात पण हार्डवेअर लाइन ओढून बसलंय, तर शेजारचे सगळे प्रामाणिकपणे 'माझं नाही' म्हणतात आणि शिक्षा त्यांनाच होते. माउस मेला तो असा.

दुसरं: कार्ड खरोखरच उपटलं गेलं असेल, जसं थंडरबोल्टवरचं बाहेरचं जीपीयू, तर पीसीआयवरून रजिस्टर वाचल्यावर सगळे बिट एक येतात. हँडलरला वाटतं सगळेच इंटरप्ट एकदम आलेत. त्यात 'स्टेटस शून्य होईपर्यंत फिरत राहा' असं वर्तुळ असेल तर ते शून्य कधीच येणार नाही. सगळे बिट एक दिसले तर 'नन' म्हणून परत जा. दोन ओळींचं काम आहे.

पाचवी तपासणी: गप्प करणं, खात्री करणं, थांबणं

मास्क रजिस्टरमध्ये लिहिलं म्हणजे हार्डवेअर गप्प झालं असं नाही. पीसीआयवरचं लिखाण वाटेत थांबू शकतं, त्यामुळे लिहून झाल्यावर तेच रजिस्टर एकदा वाचा. वाचन परत येतं तोवर लिखाण पोचलेलं असतं. मग साचलेले स्टेटस बिट पुसा. आणि मग सिंक्रोनाइज आयआरक्यू, म्हणजे दुसऱ्या सीपीयूवर चालू असलेला हँडलर संपेपर्यंत थांबा. फ्री आयआरक्यू स्वतःही असं थांबतो, पण तो फक्त धावता हँडलर संपण्याची वाट बघतो. हार्डवेअर गप्प करणं त्याचं काम नाही. सामायिक लाइनवर आधी कार्ड गप्प करा, मग मला बोलवा, असं त्या फंक्शनच्या वर्णनातच लिहिलंय.

नमुना हवा असेल तर रास्पबेरी पायच्या व्हीसी४ ड्रायव्हरची आयआरक्यूवाली फाइल उघडा. तिथलं बंद करणारं फंक्शन जेमतेम काही ओळींचं आहे: इंटरप्ट मास्क, साचलेले पुसणं, चालू हँडलर संपेपर्यंत थांबणं, आणि शेवटी मागे राहिलेलं वर्क (नंतर करायला ठेवलेलं काम) रद्द. मी नवीन पोरांना हेच वाचायला देतो.

सामायिक लाइनवर डिसेबल आयआरक्यू वापरून 'सोप्पं' करू नका. त्याने पूर्ण चाळीची बेल बंद होते. आणि हँडलरच्या आतून तर ते कधीच बोलवू नका; ते हँडलर संपण्याची वाट बघतं आणि हँडलर त्याची.

सहावी तपासणी: इंटरप्टने मागे टाकलेली कामं

पाच-दहा सेकंदांनी पडणारं मशीन इथे सापडतं. हँडलर सगळं काम स्वतः करत नाही. हॉटप्लग (स्क्रीन जोडल्या-काढल्याची खबर) आला की वर्क रांगेत टाकतो, कधी टायमर लावतो. मॉड्यूल गेलं आणि वर्क नंतर जागं झालं, तर त्याचा कोडच जागेवर नसतो. दहा सेकंदांचा आकडा दिसला तर डीआरएमचं आउटपुट पोलिंग (स्क्रीन जोडली आहे का ते ठरावीक वेळाने बघणं) आठवा. त्याची फेरी दहा सेकंदांचीच असते. ते चालू केलं असेल तर काढताना बंद करणारं फंक्शनही बोलवायला हवं.

इथेही क्रमच महत्त्वाचा. आधी वर्क रद्द केलं आणि नंतर आयआरक्यू सोडला, तर मधल्या इंटरप्टने नवं वर्क टाकलंच म्हणून समजा. म्हणून आधी इंटरप्ट, मग कॅन्सल वर्क सिंक. आणि ते वर्क स्वतः शेवटी हार्डवेअरचा इंटरप्ट पुन्हा उघडत असेल, तर मास्क केलेलं सगळं पाण्यात. हॉटप्लगच्या कोडमध्ये मी हे तीनदा तरी बघितलंय. वर्कच्या शेवटी, 'बंद होतोय' असा फ्लॅग बघूनच मास्क उघडा.

टायमर वर्क लावतो आणि वर्क टायमर लावतं, अशी जोडी असेल तर कोणाला आधी मारायचं? ६.२ पासून कर्नलमध्ये टायमर शटडाउन सिंक आहे. त्यानंतर टायमर कोणी लावू म्हटलं तरी लागत नाही. आधी तो, मग वर्क.

आणि आरएममॉडच अडकत असेल तर कुलूप बघा. रिमूव्हने म्यूटेक्स धरून फ्री आयआरक्यू बोलावलाय, आणि थ्रेडेड हँडलर तोच म्यूटेक्स मागत थांबलाय. दोघं एकमेकांच्या तोंडाकडे बघत बसतात. म्यूटेक्स सोडून मग बोलवा, विषय संपला.

सातवी तपासणी: कर्नललाच चुका शोधायला लावा

इथून कर्नल पुन्हा बांधावा लागतो, म्हणून हे इतकं खाली. तीन पर्याय चालू करा.

डीबग एसएचआयआरक्यू: सामायिक आयआरक्यू सोडताना कर्नल मुद्दाम तुमचा हँडलर एकदा बोलावतो. ज्या फटीसाठी पन्नास फेऱ्या लागत होत्या ती पहिल्याच फेरीत उघडी पडते. क्लॉक बंद झाल्यावर आयआरक्यू सुटत असेल तर एआरएम बोर्ड लगेच मान टाकेल. वाईट वाटून घेऊ नका, तेच हवं होतं.

डीबग टेस्ट ड्रायव्हर रिमूव्ह: प्रत्येक ड्रायव्हर जोडताना प्रोब, रिमूव्ह आणि पुन्हा प्रोब. रोजच्या कर्नलमध्ये हा ठेवू नका. दुसऱ्यांचेही ड्रायव्हर पडतील आणि तुम्ही भलत्याच गावाला पोचाल.

केसॅन: मोकळ्या मेमरीला हात लागला की सांगतो कोणी लावला, ती कोणी घेतली होती आणि कोणी सोडली. हे तीन स्टॅक शेजारी ठेवले की तिसऱ्या तपासणीतला कागद स्वतःच भरतो. मशीन हळू होतं आणि मेमरीचा आठवा भाग याच्या नोंदींसाठी जातो, त्यामुळे कमी रॅमच्या बोर्डवर कधी बूटच होत नाही. हळू झाल्यामुळे वेळेचं गणितही बदलतं. केसॅनवर पडलं नाही म्हणजे दोष गेला असं नाही.

आठवी तपासणी: क्लॉक, पॉवर आणि उघड्या राहिलेल्या फाइली

एसओसीवर (सगळे ब्लॉक एकाच चिपमध्ये असतात तिथे) रजिस्टर वाचायला त्या ब्लॉकचा क्लॉक चालू लागतो. बंद ब्लॉकचं रजिस्टर वाचलं तर काही चिपांवर एक्सटर्नल ॲबॉर्ट येतो, काहींवर बसच अडकते, म्हणून तो चिडीचूप हँग. क्रम असा लावा: ब्लॉक जागा करा, मास्क करा, आयआरक्यू सोडा, मगच रनटाइम पीएम (वापर नसताना ब्लॉक झोपवणारी सोय) आणि क्लॉक बंद करा. 'जागा करा' ही पायरी बहुतेक जण गाळतात; काढण्याच्या वेळी ब्लॉक आधीच झोपलेला असू शकतो आणि मास्क करायला गेलेलं तुमचंच लिखाण बोर्ड अडकवतं.

डिस्प्ले पाइपलाइन चालू असतानाच ड्रायव्हर निघत असेल तर डीआरएम ॲटॉमिक हेल्पर शटडाउन बोलवा, त्याने सीआरटीसी बंद होतात आणि ड्रायव्हरने बंद करताना व्हीब्लँक ऑफ बोलावलं असेल तर व्हीब्लँकही. हे आयआरक्यू सोडण्याच्या आधी. काही ड्रायव्हर पाइपलाइन बंद करताना शेवटच्या व्हीब्लँकची वाट बघतात; आयआरक्यू आधीच सोडला असेल तर तो येणार नाही आणि टाइमआउटच्या तक्रारी पडतील.

सिसएफएसमधून अनबाइंड केलं तर कर्नल उघड्या फाइली मोजत बसत नाही. डिव्हाइस जातं, आणि डेस्कटॉपने धरलेली फाइल तशीच राहते. म्हणून वापरकर्त्याच्या फाइलीशी जोडलेली स्ट्रक्चरं डीआरएमएमवर ठेवायची, जी शेवटचा धरणारा गेल्यावर सुटतात, आणि आयआरक्यू, रजिस्टर मॅपिंग यांसारख्या हार्डवेअरच्या गोष्टी डेव्हएमवर किंवा हाताने. डीआरएम डेव्ह अनप्लग आणि डेव्ह एंटर वापरताना एक भोक लक्षात असू द्या: अनप्लग म्हटल्यावर डेव्ह एंटरच्या आतला सगळा कोड वगळला जातो. तुमचा मास्क करणारा कोड त्याच्या आत असेल तर साध्या आरएममॉडलाही तो चालणार नाही.

इथे थांबा

तुम्ही ड्रायव्हर लिहिणारे नसाल, नुसतं ड्रायव्हर बदलताना मशीन पडत असेल, तर पहिल्या तपासणीच्या पुढे जाऊ नका. चालू मशीनवर मॉड्यूल काढू नका. नवा ड्रायव्हर बसवा आणि रीबूट करा. चालू सर्व्हरवर तर हे धाडस अजिबात नको.

ड्रायव्हर बंद स्रोताचा असेल तर रिमूव्ह फंक्शनच तुमच्यासमोर नाही. लॉग घ्या आणि तो ज्यांनी दिला त्यांच्याकडे पाठवा.

मास्क रजिस्टर वाचल्यावर बरोबर दिसतंय, स्टेटस पुसलंय, तरी प्रॉकमधला आकडा वाढतोच आहे: हा कोडचा दोष राहिला नाही. चिपचा एराटा (चिपमधलाच माहीत असलेला दोष) असेल, फर्मवेअर मधे हात घालत असेल, नाहीतर इंटरप्ट कंट्रोलरची जोडणी डिव्हाइस ट्रीमध्ये (बोर्डवर काय कुठे जोडलंय त्याच्या वर्णनात) चुकलेली असेल. यातली डिव्हाइस ट्री एकदा स्वतः तपासा, बाकी बोर्डवाल्यांकडे द्या. मी एकदा अशा लाइनवर अकरा दिवस घालवले आणि शेवटी बोर्डाच्या माणसाने सर्किट बघून वीस मिनिटांत उत्तर दिलं.

लॉगमध्ये मशीन चेक किंवा पीसीआयच्या ॲडव्हान्स्ड एरर रिपोर्टिंगच्या ओळी येत असतील तरी थांबा. आयओएमएमयूचे (कार्डाला कुठल्या मेमरीला हात लावता येईल ते ठरवणाऱ्या भागाचे) फॉल्ट दिसत असतील तर इंटरप्ट बंद झालाय पण कार्डाचा डीएमए (कार्डाने थेट मेमरीत लिहिणं-वाचणं) चालूच आहे. तो थांबवायची पद्धत चिपच्या कागदपत्रांत नसेल तर चाचपडत रजिस्टरं लिहू नका.

आणि केसॅनचे तिन्ही स्टॅक डीआरएमच्या गाभ्यातच दिसतायत, तुमच्या ड्रायव्हरची एकही ओळ नाही, असं दोन वेगळ्या कर्नलांवर झालं तर ते त्या भागाच्या मेंटेनरकडे न्या. पत्ता कर्नलच्या मेंटेनर्स फाइलीत असतो. सोबत कर्नलची आवृत्ती, कॉन्फिग फाइल, मॉड्यूल काढण्याच्या आधीची इंटरप्ट्स फाइल, सीरियलवरचा न छाटलेला लॉग आणि ती पन्नास फेऱ्यांची स्क्रिप्ट द्या. कितव्या फेरीला पडतं तो वहीतला आकडाही लिहा.